एका वाक्याची किंमत

रशियात बुद्धिबळाचा पट आणि सत्तेचे दालन यांच्यात भिंत अशी कधी फारशी नव्हतीच. सोव्हिएत काळात जगज्जेतेपद ही राष्ट्राची मालमत्ता होती. अर्कादी द्वोर्कोविच यांची कारकीर्द पाहताना मला हे सारखे आठवते.

जन्म १९७२ चा, मॉस्कोतला. वडील आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ पंच. चिरंजीव अर्थशास्त्राकडे वळले, १९९७ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेऊन परतले आणि सरकारात चढत गेले. २००८ पासून अध्यक्ष मेदवेदेव यांचे सहायक, २०१२ ते २०१८ उपपंतप्रधान. ऊर्जा, शेती, वाहतूक अशी वजनदार खाती हाताखाली. सरकारातून बाहेर पडल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी येथे १०३ विरुद्ध ७८ मतांनी ते ‘फिडे’चे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, अध्यक्ष झाले. आधीचे अध्यक्ष इल्युमझिनोव्ह यांच्यावर अमेरिकेने २०१५ मध्ये निर्बंध घातले होते. त्या पार्श्वभूमीवर हा शिकलेला, मृदुभाषी गृहस्थ अनेकांना बरा वाटला.

मग २०२२ चा फेब्रुवारी आला. रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. मार्चमध्ये एका अमेरिकी नियतकालिकाशी बोलताना द्वोर्कोविच यांनी युद्ध वाईटच असते असे सांगून युक्रेनी नागरिकांविषयी सहानुभूती व्यक्त केली. एवढेच! सत्ताधारी पक्षाच्या नेत्याने त्यांना गद्दार ठरवून हकालपट्टी मागितली. स्कोल्कोवो प्रतिष्ठानचे अध्यक्षपद त्यांनी सोडले. मात्र दरम्यान निर्बंधांवर टीका करणारे, सरकारी सुराशी जुळते निवेदनही त्यांच्या नावे आले होते.

फिडेने रशियाच्या संघाला स्पर्धांतून वगळले, खेळाडूंना मात्र फिडेच्या ध्वजाखाली खेळू दिले. मॉस्कोचे ऑलिंपियाड चेन्नईला आले आणि तिथेच ऑगस्टमध्ये द्वोर्कोविच १५७ विरुद्ध १६ मतांनी पुन्हा निवडून आले. उपाध्यक्ष झाले आपले विश्वनाथन आनंद.

आता प्रश्न असा, की असा माणूस साऱ्या जगाच्या खेळाचा पंच होऊ शकतो काय? मला वाटते, कारभारी म्हणून तो चांगला असेलही, पण पंचाचे पहिले भांडवल निर्भयता हे असते. ज्याला एका वाक्याचे मोल असे मोजावे लागते, त्याच्या मौनाचा अर्थ आपण कसा लावावा? नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये त्याच बातुमीत महिला विश्वचषक जिंकला. तिच्यासारख्या मुलींचे भवितव्य या संस्थेच्या हाती आहे, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.