हिशेब गावापुढेही मांडू या



संस्थेचे हिशेब सांभाळताना देणगीदार मला नेहमी विचारतात, "आमचा पैसा पाड्यापर्यंत पोहोचतो का?" प्रश्न रास्त आहे. तो कसा तपासला जातो, हे थोडक्यात सांगतो.

महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंद १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे असते. दरवर्षी हिशेब बंद करून लेखापरीक्षण करावे लागते. विश्वस्त बदलले, तर फेरफार अहवाल द्यावा लागतो. परदेशी देणगीसाठी २०१० चा वेगळा कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. ही देणगी आता आधी दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत जमा होते आणि दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

हे सारे कागद सरकारकडे जातात. ज्यांच्या नावाने पैसा आला, त्या गावकऱ्यांना ते क्वचितच दिसतात. लेखापरीक्षक डाळीची पावती पाहतो. पण वसतिगृहातल्या मुलांच्या ताटात डाळ रोज पडली का, हे मुलांनाच माहीत असते.

याबाबत राजस्थानकडून शिकण्यासारखे आहे. अरुणा रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केले. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची हजेरीपत्रके व बिले भर सभेत मोठ्याने वाचली गेली. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही आपल्या नावावर काय लिहिले आहे ते कळले, आणि खोट्या नोंदी उघड झाल्या. पुढे याच चळवळीने २००५ च्या माहिती अधिकार कायद्यासाठी मोठे काम केले.

तो हिशेब सरकारचा होता. आपण संस्थांनीही तीच रीत स्वतःला लावावी, असे मला वाटते. वर्षातून एकदा गावाच्या बैठकीत आलेली रक्कम, झालेला खर्च आणि शिल्लक गावाच्या बोलीत वाचून दाखवावी. तेच आकडे फलकावर लिहावेत.

एक अडचण मात्र आहे. ज्याचे मूल आपल्या वसतिगृहात आहे, तो बाप आपल्यासमोर तक्रार करायला कचरतो. म्हणून बैठक संस्थेबाहेरच्या विश्वासू माणसाने चालवावी आणि तक्रारही त्याच्याकडेच देता यावी.

आपणही कोणत्याही संस्थेला, आम्हालासुद्धा, तीन गोष्टी विचारा: लेखापरीक्षण अहवाल पाहायला मिळेल का? विश्वस्त कोण आहेत? गावापुढे हिशेब शेवटचा कधी वाचला? विचारताना संकोच करू नका. कारभारीपण सोपवणाऱ्याचा तो हक्कच आहे.