मोकळा श्वास

हिंगोलीचा प्रदेश हा हळदीचा मुलूख. हळद काढणीच्या दिवसांत वसमतच्या बाजूने जावे, तर शेताशेतांतून काहिली चढलेल्या दिसतात आणि शिजणाऱ्या हळदीचा उग्र वास दूरवर दरवळत असतो. १९९९ साली हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी हा भाग परभणी जिल्ह्यात मोडत असे. त्या काळची, माझ्या बालपणीची ही गोष्ट आहे.

आमचे थोरले मामा काहिलीपाशी रात्ररात्र जागत. एक विडी ओठांत आणि दुसरी कानावर खोचलेली, हे त्यांचे नेहमीचे रूप. मामांना दमा होता. पहाटे उबळ आली म्हणजे ते गुडघ्यांवर हात टेकून बसत आणि एकेका श्वासासाठी झगडत. उबळ ओसरली, की हात पुन्हा विडीकडे जाई. मामी रागावली, तर ते म्हणत, “अगं, विडीनंच तर कफ सुटतो. तिच्यावाचून छाती मोकळी होत नाही.”

ही समजूत एकट्या मामांची नव्हती. आजही ती अनेकांच्या तोंडून ऐकू येते. तिच्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी श्वासाचा मार्ग प्रथम समजून घेतला पाहिजे.

नाकावाटे घेतलेली हवा श्वासनलिकेत शिरते. या नलिकेला झाडाप्रमाणे शाखा व उपशाखा फुटतात. त्यांच्या टोकांशी अतिसूक्ष्म वायुकोश असतात. तेथे हवेतील प्राणवायू रक्तात मिसळतो. नलिकांच्या आतील बाजूवर कफाचा पातळ थर असतो व त्याला धूळ आणि जंतू चिकटतात. तेथेच सूक्ष्म रोमांचे दाट आच्छादनही असते. वाऱ्यावर ज्वारीचे शेत डोलावे, तसे हे रोम अहोरात्र एका लयीत हलतात आणि मळलेला कफ घशाकडे सारतात. ही निसर्गाने योजलेली झाडलोटच होय.

दम्याच्या रोग्याच्या श्वासनलिका आतून सुजलेल्या व हळव्या असतात. धूळ, गारठा किंवा धूर यांचे निमित्त होताच त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळले जातात, वाट अरुंद होते आणि छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागतो. अशा नलिकांत विडीचा धूर गेला, म्हणजे सूज वाढते, कफ अधिक सुटतो आणि तो बाहेर सारणारे रोम मात्र लुळे पडतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. इतकेच नव्हे, तर सूज उतरवण्यासाठी श्वासावाटे घेतलेले औषधही धूम्रपान करणाऱ्यास पुरेसे लागू पडत नाही.

आता मामांच्या समजुतीचा उलगडा होईल. विडीने खोकला येतो व थोडा कफ पडतो, हे खरे; परंतु तो कफ साचवणारीही विडीच असते. ज्याने गंजीला आग लावावी, त्यानेच घागरभर पाणी आणून उपकार मिरवावा, तसा हा प्रकार आहे.

मामांचा चार वर्षांचा नातू त्यांच्या कुशीत झोपत असे. एका रात्री त्या मुलाच्या छातीतून तोच शिटीसारखा आवाज मामांच्या कानी पडला. घरातील धूर ओढणाऱ्यापुरता राहत नाही. लहानग्यांच्या कोवळ्या श्वासनलिकांनाही तो पोळतो. मामा उठले. विड्यांचा कट्टा त्यांनी चुलीत टाकला व पुन्हा विडीला हात लावला नाही.

पुढचे दिवस सोपे नव्हते. विडी सुटल्यावर एकदोन दिवसांत रक्तातील विषारी वायू निघून जातो. परंतु निकोटीनची ओढ याच दिवसांत सर्वांत प्रबळ असते. मामा चिडचिडे झाले, त्यांची झोप उडाली. दुसऱ्या आठवड्यात खोकला उलट वाढला. शेजारी म्हणू लागले, “बघा, विडी सोडली अन् दुखणं वाढलं!” अनेकांचा निश्चय ढळतो, तो याच वळणावर. वस्तुतः लुळे पडलेले रोम तेव्हा जागे होऊन साचलेला कफ बाहेर काढू लागलेले असतात. काही आठवड्यांत ही झाडलोट पुरी होते.

ग्लासगो शहरात दम्याच्या काही रुग्णांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान सोडलेल्यांची एका सेकंदात जोराने हवा बाहेर टाकण्याची शक्ती अवघ्या सहा आठवड्यांत सुमारे ४०० मिलीलिटरने वाढलेली आढळली. पाहणी लहान होती; तरी सूज उतरली, की वाट रुंदावते, हे तीतून दिसते.

तथापि, सर्वच परत मिळते असे नाही. वर्षानुवर्षांच्या धुराने जे वायुकोश नष्ट झाले, ते पुन्हा उगवत नाहीत. धूम्रपान सोडल्याने पुढची जलद झीज तेवढी थांबते. म्हणून वेळेला मोल आहे. ब्रिटनमधील डॉक्टरांची १९५१ पासून पन्नास वर्षे पाहणी करण्यात आली. साठीत धूम्रपान सोडणाऱ्यास सुमारे ३, पन्नाशीत ६, चाळिशीत ९ आणि तिशीत सोडणाऱ्यास सुमारे १० वर्षांचे आयुष्य लाभते, असे तीत दिसून आले.

मामांचा दमा समूळ गेला नाही. औषध चालूच राहिले, आणि ते चालू ठेवणेच योग्य होते. परंतु पहाटेच्या उबळी विरळ झाल्या. नातवाची छातीही हळूहळू शांत झाली. पुढच्या महाशिवरात्रीला औंढा नागनाथाच्या यात्रेत मामा त्याला खांद्यावर घेऊन फिरले. मध्ये दोनदा ते थांबले, दम खाल्ला आणि पुन्हा चालू लागले.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याही घरी कोणी वडीलधारे विडी ओढत असतील. त्यांना दूषणे देऊ नका. खोकला वाढला, तरी धीर सोडू नये, एवढे त्यांना प्रेमाने सांगा. जळती विडी विझवायला क्षण पुरतो. विझलेली पुन्हा न पेटवण्यासाठी मात्र घरातल्या माणसांची साथ लागते.