आधी आवाज, मग कॅमेरा

आज विद्यार्थ्यांच्या शूटिंगबद्दल बोलूया. मी मूळची साताऱ्याची; गेली काही वर्षं चंदीगडमध्ये असते आणि इथल्या मुलांच्या सेटवर पहिली सहायक दिग्दर्शक म्हणून उभी राहते. हे पद म्हणजे दिग्दर्शकाची पिशवी धरणं नव्हे. सेटवरचं घड्याळ याच माणसाच्या हातात असतं.

फिल्म म्हणजे दिग्दर्शक, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली मुंबईत लागला तो दादासाहेब फाळक्यांच्या नावावर. पण सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवत, शिवाय फिल्म धुण्याच्या कामातही असत. आजच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव तीन-चार ठिकाणी आलं असतं!

अलीकडचं उदाहरण पुण्याचं. 2024 मध्ये कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या ‘ला सिनेफ’ विभागात एफटीआयआयच्या चिदानंद नाईक यांच्या लघुपटाला पहिलं पारितोषिक मिळालं. एका वर्षाच्या टेलिव्हिजन अभ्यासक्रमातल्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी अशा चार शाखांच्या चौघांनी मिळून तो केला होता. शूटिंग चार दिवसांचं. चार दिवसांत काम उरकायचं तर कोण काय ठरवणार, हे सेटवर येण्याआधी ठरलेलं लागतं.

आता सेटवरची हाक ऐका. आधी ‘साउंड’, मग ‘कॅमेरा’, मग पाटी, मग ‘ॲक्शन’. आवाज आधी का? कारण पूर्वी फिल्मचा रीळ महाग आणि आवाजाची टेप स्वस्त. महाग वस्तू शेवटी सुरू करायची. आता कार्डावर शूट होतं, तरी क्रम टिकला. माझ्या मते टिकला ते बरंच झालं. ‘साउंड’ म्हटल्यावर ध्वनीवाला ‘रोलिंग’ म्हणेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागतं, आणि विद्यार्थ्यांच्या सेटवर ध्वनीवाल्यासाठी कुणी थांबतंय हे दृश्य एरवी दुर्मीळच. पाटीचा ‘टक्’ आवाज आणि तिचं मिटणं जुळवून संकलक पुढे चित्र आणि आवाज एकत्र आणतो.

मागच्या डिसेंबरात आम्ही सुखना तलावावर होतो. 1958 साली बांध घालून केलेला हा तलाव. सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्यांची ही गर्दी. नऊजणांची टीम, बहुतेक पंजाब-हिमाचलची मुलं. एक म्हातारे बाबा पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर, आणि बाप-लेकीचा शेवटचा संवाद. सूर्य साडेपाचच्या आतबाहेर मावळतो. आमच्या हातात वीसेक मिनिटं होती. बाबांचं वाक्य छान निघालं आणि ध्वनीवाल्या मुलानं हात वर केला. “विमान.” चंदीगडचा विमानतळ हवाई दलाच्या तळावरच आहे, आकाश शांत असेलच असं नाही. दिग्दर्शिका चिडली. “इतकं सुंदर झालं! डबिंग करू.” मुलगा हळू आवाजात म्हणाला, “दीदी, बाबा स्टुडिओत असं बोलणार नाहीत.”

तो बरोबर होता. पण उजेडही थांबणार नव्हता. इथे घड्याळवाल्याचं काम सुरू होतं. मी दोघांनाही हो म्हटलं नाही. उरलेल्या उजेडात दोघांचा लांबून, पाठमोरा शॉट घेतला. त्यात ओठ दिसत नाहीत, त्यामुळे विमान आलं तरी बिघडत नाही. अंधार पडल्यावर तिथेच गाडीच्या काचा वर करून बाबांकडून तीच वाक्यं फक्त आवाजासाठी तीनदा घेतली. लेक शेजारी बसलेली, त्यामुळे बाबांचा सूर तोच राहिला. पुढे संकलनात पाठमोऱ्या शॉटवर तोच आवाज बसला. निघण्यापूर्वी तीस सेकंद सगळे गप्प उभे राहिलो, तलावाची नुसती शांतता रेकॉर्ड करायला. दोन वाक्यांमधली फट बुजवायला ती लागतेच.

इथली एक गंमत सांगते. चंदीगडमध्ये काहीही सांगितलं की उत्तर येतं, ‘हांजी’. मराठी कानाला तो होकार वाटतो. बरेचदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की ऐकू आलं. म्हणून आमच्या सेटवर नियम आहे: निरोप मिळालेल्यानं तो परत म्हणून दाखवायचा. “सहा वाजता, सेक्टर 17, कारंज्यापाशी.” नुसतं ‘सेक्टर 17’ पुरत नाही, कारण इथला एक सेक्टर साधारण 800 मीटर बाय 1200 मीटरचा, आणि सगळे चौक सारखेच दिसतात. कॉलशीटवर खूण लिहा, गाडी कुठे लावायची ते लिहा, जेवणाची वेळ लिहा. जेवण उशिरा आलं की भांडण लेन्सवरून होतं, कारण मात्र पोटात असतं.

कार्डाचं काम एकाच माणसाकडे द्या. दोन वेगळ्या डिस्कवर नक्कल, दोन्ही उघडून पाहणं, आणि मगच कार्ड पुसणं. घाईत तिसऱ्यानं हात घातला की दिवसभराचं काम जाऊ शकतं.

आणि नावं. कोणाचं नाव कोणत्या कामापुढे लागणार, हे पहिल्या शॉटच्या आधी कागदावर लिहून घ्या. सुखनावर बूम धरणारी मुलगी गाडीतल्या रेकॉर्डिंगच्या वेळी बाबांच्या पायांवर शालही धरून बसली होती. तिच्या नावापुढे आम्ही बूमच लिहिलं; तिनंच तसं सांगितलं.