ढगांआडची शेते : अपूर्ण उपग्रह-प्रतिमांची पुनर्रचना आणि विदर्भातील खरीप पिके

प्रस्तावना

विदर्भातील खरीप पिकांचे उपग्रहाद्वारे निरीक्षण करणाऱ्यांपुढे एक मूलभूत अडचण असते. कापूस, सोयाबीन, तूर आणि पूर्वेकडील धान ही पिके जून-जुलैत पेरली वा रोवली जातात आणि ज्या महिन्यांत ती शेतात वाढत असतात, त्याच महिन्यांत आकाश ढगांनी भरलेले असते. रब्बीचा गहू वा हरभरा उपग्रहाला स्वच्छ दिसतो. परंतु ज्या हंगामावर येथील बहुसंख्य शेतकरी कुटुंबांचे वर्ष अवलंबून असते, तो हंगाम मात्र त्याला तुकड्यातुकड्यांनीच दिसतो. या तुकड्यांवरून न दिसलेला भाग कसा जुळवला जातो, त्यामागील गणित कोणते आणि असा जुळवलेला भाग कितपत विश्वासार्ह मानावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय सुदूर संवेदनाचा असला, तरी अपुऱ्या व सदोष माहितीवरून मूळ वस्तूपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न वैद्यकापासून इतिहासापर्यंत सर्वच ज्ञानशाखांना पडतो. त्यामुळे विज्ञानेतर शाखांतील प्राध्यापकांनाही तो परका वाटू नये.

नागपूरशी या विषयाचे नाते जवळचे आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून येथे कार्यरत आहे. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे मध्य विभागीय केंद्र, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था याही येथेच आहेत. प्रतिमा, माती आणि कापूस या तिन्हींचे अभ्यासक एकाच शहरात असण्याचा हा योग आपल्या महाविद्यालयांनी आजवर फारसा उपयोगात आणलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शेत किती वेळा दिसते?

भारतीय सुदूर संवेदन उपग्रहांवरील लिस-३ हा संवेदक २३.५ मीटर बाजूचा एक चौकोन, म्हणजे एक पिक्सेल, या बारकाईने जमीन पाहतो. एका एकरात असे सुमारे सात पिक्सेल बसतात. मात्र तोच उपग्रह त्याच जागेवर २४ दिवसांनी परततो. १ जुलै ते ३० सप्टेंबर या ९२ दिवसांत, फार तर चार वेळा. एखादे शेत कोणत्याही एका फेरीत ढगाविना दिसण्याची शक्यता चारात एक आहे, असे केवळ उदाहरणादाखल मानू. मग चारही फेऱ्यांत ते न दिसण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाचा चौथा घात, म्हणजे सुमारे ३२ टक्के येते. जवळजवळ एकतृतीयांश शेते संपूर्ण पावसाळ्यात एकदाही दिसणार नाहीत!

याउलट रिसोर्ससॅट मालिकेतील एविफ्स हा संवेदक दर पाच दिवसांनी तीच जागा पाहतो. त्याला सुमारे १८ संधी मिळतात आणि त्याच हिशेबाने मुळीच न दिसण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते. पण त्याचा पिक्सेल ५६ मीटरचा आहे. एका एकरात असा जेमतेम सव्वा पिक्सेल बसतो आणि त्यात कापूस, त्यातील तुरीच्या ओळी, धुरा व शेजाऱ्याचे सोयाबीन असे सारे मिसळून येते. युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांच्या जोडीने, २०१७ नंतर, १० मीटरचा पिक्सेल आणि पाच दिवसांची फेरी या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी एकत्र आणल्या. तरीही ढग ढगच राहिले.

वरील हिशेबातही एक खोच आहे. प्रत्येक फेरी स्वतंत्र आहे, असे आपण गृहीत धरले. प्रत्यक्षात मान्सूनचे जोराचे दिवस आणि उघडिपीचे दिवस सलग येतात. झड लागली की पाच दिवसांनी आलेल्या उपग्रहालाही बहुधा तेच ढग दिसतात. म्हणून प्रत्यक्ष स्थिती गणितापेक्षा वाईटच असते.

एका समीकरणात दोन अज्ञाते

न दिसलेला भाग मिळवणे हा गणिताच्या परिभाषेत 'व्यस्त प्रश्न' होय. कारण माहीत असता परिणाम काढणे हा सरळ प्रश्न. परिणामावरून कारणाकडे जाणे हा व्यस्त. फ्रेंच गणिती जाक आदामार यांनी १९०२ मध्ये सुस्थित प्रश्नाच्या तीन अटी सांगितल्या : उत्तर असावे, ते एकच असावे आणि मापनात किंचित फरक पडल्यास उत्तरातही किंचितच फरक पडावा. अपूर्ण प्रतिमेचा प्रश्न दुसऱ्या अटीवर कोसळतो आणि गोंगाटाने, म्हणजे मापनात मिसळलेल्या नको त्या अंशाने, भरलेल्या प्रतिमेचा प्रश्न बहुधा तिसऱ्या अटीवर.

दोन संख्यांची बेरीज १० आहे, तर त्या संख्या कोणत्या? उत्तरे अगणित आहेत. शेजारच्या दोन शेतांची स्थिती सारखीच असते, अशी अट जोडली की उत्तर ५ आणि ५ असे एकच उरते. रशियन गणिती तिखोनोव यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे सार हेच आहे. मापनाशी सुसंगत अशा असंख्य उत्तरांमधून, आधी ठरवलेल्या एखाद्या गुणात सरस असलेले उत्तर निवडायचे; हा गुण पुष्कळदा सलगता हा असतो. ही अट नसेल तर उत्तरच मिळत नाही. पण ती अट शेताने सांगितलेली नसते, आपण घातलेली असते. एकाच शेतकऱ्याच्या दोन तुकड्यांत ती खरी ठरेल. ओलिताचे शेत आणि धुऱ्यापलीकडील कोरडवाहू शेत यांच्यात ती साफ खोटी ठरेल.

काळाच्या ओळीत भरलेली पोकळी

प्रत्यक्षात बहुतेक पोकळ्या शेजारच्या जागेवरून नव्हे, तर त्याच जागेच्या मागच्या-पुढच्या तारखांवरून भरल्या जातात. यासाठी वनस्पती निर्देशांक, ज्याला अभ्यासक एनडीव्हीआय म्हणतात, तो वापरतात. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि निकट-अवरक्त किरण परावर्तित करते. या दोन मापनांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की निर्देशांक मिळतो. उघड्या जमिनीवर तो कमी असतो, भरगच्च पिकावर तो ०.७ वा त्याहून अधिक होतो.

समजा, एका शेताचे दर दहा दिवसांचे निर्देशांक ०.३५, ०.४८, ०.१२, ०.६६, ०.७० असे आले. तिसऱ्या तारखेचा आकडा उघडच खटकतो. तेथे ढग असावा. लगतच्या तीन-तीन आकड्यांची सरासरी घेतली, तर तिसऱ्या जागी ०.४२ येतात, पण त्याबरोबरच दुसरी जागा ०.४८ वरून ०.३२ वर आणि चौथी ०.६६ वरून ०.४९ वर घसरते. एका खोट्या आकड्याने दोन खरे आकडे बिघडवले. याचे कारण असे की, ढगाचा गोंगाट एकतर्फी असतो. तो पिकावरील निर्देशांक खाली खेचतो, वर चढवत नाही. दोन्ही बाजूंना सारखी चूक होते हे सरासरीमागील गृहीतक येथे लागू पडत नाही. म्हणून ठरावीक दिवसांतील महत्तम आकडा तेवढा घेण्याची रीत १९८० च्या दशकात रूढ झाली आणि पुढे आकड्यांच्या वरच्या कडेला धरून जाणारा वक्र बसवण्याच्या पद्धती आल्या. वरील उदाहरणात अशी पद्धत ०.१२ हा आकडा सोडून देते आणि त्या जागी ०.५७ च्या जवळपासचा आकडा ठेवते. वक्र सुरेख दिसतो.

आता हेच उदाहरण दुसऱ्या बाजूने पाहू. ०.१२ हा आकडा खरा असेल तर? पेरणीनंतर पावसाने दडी मारली, रोपे करपली, शेतकऱ्याने उसने पैसे आणून दुबार पेरणी केली, तर त्या शेताचा निर्देशांक असाच मध्ये कोसळून पुन्हा चढतो. दहा दिवसांत ०.१२ वरून ०.६६ इतकी उसळी दुबार पेरणीने येणार नाही हे खरे. पण चढण जितकी सावकाश, तितका ढग आणि दुबार पेरणी यांतील भेद अवघड होत जातो. नदीकाठची शेते पुराखाली गेल्यावरही निर्देशांक पडतो. पद्धतीच्या दृष्टीने या साऱ्या 'खालच्या चुका' होत आणि ती त्या इमानेइतबारे पुसून टाकते. दुबार पेरणीचा खर्च, हंगाम लांबल्याने घटलेला उतारा, यांपैकी काहीही त्या गुळगुळीत वक्रात उरत नाही.

न दिसण्याचेही कारण असते

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये गहाळ माहितीविषयी एक महत्त्वाचा भेद मांडला. माहिती योगायोगाने गहाळ झाली आहे की तिच्या गहाळ होण्याचा तिच्या मूल्याशीच संबंध आहे, हे आधी पाहावे लागते. लँडसॅट-७ या अमेरिकी उपग्रहाचे उदाहरण पहिल्या प्रकाराच्या जवळचे आहे. ३१ मे २००३ रोजी त्याच्या स्कॅनमधील एक यांत्रिक भाग बंद पडला आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक प्रतिमेत तिरक्या पट्ट्यांच्या रूपाने सुमारे २२ टक्के भाग कोरा येऊ लागला. त्या पट्ट्यांना खालच्या शेतात काय घडते आहे याच्याशी काही देणेघेणे नव्हते. दुसऱ्या तारखेच्या प्रतिमेतून त्या भरणे म्हणूनच तुलनेने निर्धोक होते.

ढगांचे तसे नाही. जुलै २०२२ मध्ये वर्धा व चंद्रपूर जिल्ह्यांत अतिवृष्टी व पुराने पिकांचे नुकसान झाले. अशा दिवसांत नुकसान करणारा पाऊस आणि उपग्रहाची दृष्टी अडवणारा ढग हे एकच असतात. जेव्हा पाहणे सर्वांत आवश्यक, नेमके तेव्हाच दिसत नाही. मग स्वच्छ दिवसांच्या आकड्यांवरून भरलेली पोकळी पिकाची स्थिती आहे त्याहून बरी दाखवण्याकडे झुकते.

हा केवळ प्रयोगशाळेतील वाद राहिलेला नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३-२४ पासून भात व गहू यांच्या उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानाधारित आकड्यांना किमान ३० टक्के भार देण्याचे धोरण आले. पीककापणी प्रयोगांत गैरप्रकाराला जागा असते, हे मान्य करूनही असे म्हणावे लागेल की, ज्या आकड्यावर नुकसानभरपाई ठरते त्यातील किती भाग पाहिलेला आणि किती भरलेला, हे त्या शेतकऱ्याला विचारता आले पाहिजे.

रडारची दृष्टी

ढगांवरचा खरा उतारा म्हणजे रडार. भारताच्या रिसॅट-१ (२०१२) व ईओएस-०४ (२०२२) आणि युरोपच्या सेंटिनेल-१ या उपग्रहांवरील सी-बँड रडारची तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास आहे. ढगातील जलकण मिलिमीटरच्या शतांशाएवढे. त्यांना ओलांडून लहर सहज जाते. मात्र येथे गोंगाट निराळ्या रूपाने येतो. एका पिक्सेलमधील पाने, ढेकळे, काड्या यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून कोठे वाढतात, कोठे मावळतात आणि सारी प्रतिमा मीठ-मिरी भुरभुरल्यासारखी दिसते. याला 'स्पेकल' म्हणतात. मूळ प्रतिमेत या चढउताराचे प्रमाण विचलन सरासरी मूल्याइतकेच असते. शेताचे सरासरी मूल्य १०० असेल तर विचलनही १००. सोळा स्वतंत्र पिक्सेलांची सरासरी घेतल्यास ते २५ वर येते, परंतु १० मीटरचा पिक्सेल ४० मीटरचा होतो आणि एकरात असे अडीचच पिक्सेल उरतात. ली यांनी १९८० मध्ये सुचवलेली गाळणी यावर शहाणा तोडगा काढते : शेताच्या सपाट अंतर्भागात जास्त सरासरी, धुऱ्याजवळ कमी.

रडारचा लाभ विदर्भात सर्वत्र सारखा मिळत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडील बांध्यांत रोवणीच्या वेळी पाणी साचलेले असते. स्थिर पाण्यावरून लहर पलीकडे निसटते, बांधी काळी दिसते आणि धान वाढू लागले की उजळते. ही खूण पुसट होत नाही. पश्चिमेकडील कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात अशी ठसठशीत खूण नाही. पाऊस पडून काळी माती ओली झाली की सगळीच शेते एकदम उजळतात आणि पिकांतील फरक त्यात बुडतो. ३० जुलै २०२५ रोजी प्रक्षेपित झालेल्या निसार उपग्रहावरील एल व एस या अधिक लांब लहरी पिकाच्या अधिक आत शिरतात, त्यामुळे या पट्ट्यासाठी त्याच्या प्रतिमांचा अभ्यास विशेष उपयुक्त ठरावा.

खोडदचे आकाश

अपूर्ण मापनांतून प्रतिमा घडवण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत यशस्वी उदाहरण आकाशाचे आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. त्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एकच घटक मोजते. पृथ्वी फिरते तसे घटक बदलत जातात, तरी बरेच घटक मोजायचे राहूनच जातात. होग्बोम यांनी १९७४ मध्ये दिलेली 'क्लीन' रीत अशा चित्रातील सर्वांत तेजस्वी बिंदू शोधते, त्याच्यामुळे उमटलेल्या खोट्या छटांचा थोडा अंश वजा करते आणि हेच पुनःपुन्हा करते.

ही रीत चालते, कारण रेडिओ आकाश बहुतांशी रिकामे आहे. २००६ च्या सुमारास कांडेस, ताओ, डोनोहो प्रभृतींनी सिद्ध केलेल्या प्रमेयांनी या अनुभवाला पाया दिला : मूळ वस्तू विरळ असेल आणि मापने योग्य रीतीने विखुरलेली असतील, तर अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी मापनांतून ती अचूक परत मिळते. विदर्भाच्या शेतांत यांपैकी एकही अट सहजी पाळली जात नाही. शेते विरळ नाहीत आणि ढगांची भोके विखुरलेली नसून मैलोन्मैल सलग असतात. आकाशात यशस्वी झालेली रीत जमिनीवर जशीच्या तशी आणणाऱ्या शोधनिबंधांकडे म्हणूनच जरा सावधपणे पाहावे.

पडताळणीविषयी

पोकळी भरण्याच्या पद्धतीची परीक्षा करताना प्रतिमेतील काही ज्ञात पिक्सेल लपवतात, पद्धतीकडून ते भरून घेतात आणि मूळ आकड्यांशी ताडून पाहतात. पुष्कळदा हे पिक्सेल इकडचे-तिकडचे निवडले जातात. प्रत्येक लपवलेल्या पिक्सेलला चारही बाजूंनी दिसणारे शेजारी असतात, आणि पद्धत सहज उत्तीर्ण होते. न्याय्य परीक्षा घ्यावयाची, तर जुलैच्या एखाद्या प्रत्यक्ष ढगाचा आकार उचलून तो ऑक्टोबरच्या स्वच्छ प्रतिमेवर ठेवावा आणि त्याखालील सारे लपवावे. अंतिम नकाशासोबत प्रत्येक पिक्सेलची स्थितीही द्यावी : पाहिलेला, भरलेला, की सांगता न येणारा. तालुक्याच्या पीकक्षेत्राचा आकडाही याच तीन भागांत फोडून देता येतो.

सेंटिनेलच्या प्रतिमा विनामूल्य उपलब्ध असल्याने हा प्रयोग पदव्युत्तर वर्गात एका सत्रात करता येण्याजोगा आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांनी पोकळी भरावी, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी ढगाखाली लपलेली काही शेते प्रत्यक्ष जाऊन पाहावीत, आणि शेतकऱ्याला पेरणी किती वेळा करावी लागली हे विचारावे. सोयाबीनची कापणी ऑक्टोबरात आटोपत असल्याने या भेटी सप्टेंबरातच उरकाव्या लागतील.