उतारवयात शिडाची फळी घेताना

पाण्यावर एक फळी, फळीवर डोलकाठी, डोलकाठीला शीड आणि ते शीड दोन्ही हातांनी पेलून उभा असलेला माणूस; विंडसर्फिंग या खेळाचा सारा सरंजाम एवढाच. कॅलिफोर्नियातील विमानविद्येचे अभियंते जिम ड्रेक आणि त्यांचे सहकारी होइल श्वाइट्झर यांनी १९६८ साली या फळीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७० साली ते त्यांना मिळाले. पुढे १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान लाभले. होडीची डोलकाठी होडीत घट्ट रोवलेली असते. या फळीची डोलकाठी मात्र बुडाशी असलेल्या लवचीक सांध्यामुळे चोहीकडे कलते. फळीला सुकाणू नसते. शीड पुढे झुकवले की फळी वाऱ्याकडे पाठ फिरवते आणि मागे झुकवले की वाऱ्याकडे तोंड करते. सुकाणूचे काम माणसाच्या शरीरालाच करावे लागते.

हा तरुणांचा खेळ, अशी सामान्य समजूत आहे. लाटांवरून उड्या मारणाऱ्या खेळाडूंची चित्रे पाहून ती झाली असावी. पण मंद वारा, शांत पाणी आणि योग्य फळी ही तीन जुळून आली तर पन्नाशी-साठी उलटलेल्या माणसालाही हा खेळ शिकता येतो. या तिहींपैकी वारा आणि पाणी ही निसर्गाची देणगी. ती मनाजोगी मिळेपर्यंत थांबता येते. फळीची निवड मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते, आणि चूक होते ती नेमकी तेथेच.

नव्या साहित्याला बराच पैसा लागतो. खेळ आपल्याला रुचेल की नाही हे ठाऊक नसताना एवढा खर्च करणे शहाणपणाचे नव्हे. तेव्हा नवशिका साहजिकच वापरलेल्या फळीकडे वळतो. अशा फळ्यांचा मोठा बाजार युरोपात आहे. ब्रिटन, हॉलंड, जर्मनी, फ्रान्स या देशांत गेल्या अनेक दशकांतील फळ्या घरोघरच्या गॅरेजांत पडून असतात. आपल्याकडे गोवा, मुंबई, चेन्नई अशा मोजक्या ठिकाणी हा खेळ चालतो. तेथे जुनी फळी मिळालीच तर एखाद्या क्लबाकडून किंवा खेळाडूकडून मिळते. ठिकाण कोणतेही असो, निवडीचे तत्त्व एकच आहे.

जुन्या बाजारात आकर्षक फळी पुष्कळदा अरुंद आणि आखूड असते. पट्टीच्या खेळाडूने तिच्यावर दोन-चार हंगाम घालवलेले असतात आणि आता तो त्याहून वेगवान फळी घेणार असतो. “फळी उत्तम आहे,” असे तो सांगतो आणि त्यात खोटे काहीच नसते. ती उत्तम आहे ती त्याच्यासाठी! घेणारा मात्र साठीचा असतो, त्याचे वजन पाऊणशे किलो असते आणि पाण्यावर उभे राहण्याची त्याची ही पहिलीच वेळ असते. त्याने किती वेगाची फळी हवी असे न विचारता, आपल्याला उभे कोण राहू देईल, असे विचारावे.

याचे गणित आर्किमिडीजच्या सिद्धांतात आहे. एक लिटर पाणी बाजूला सारणारी वस्तू सुमारे एक किलो भार तोलून धरते. पाऊणशे किलोचा माणूस, अंगावरचे ओले कपडे व लाइफ जॅकेट यांचे दोन-तीन किलो, फळीचे चौदा-पंधरा किलो आणि शीड, डोलकाठी वगैरेंचे आठ-नऊ किलो, अशी बेरीज शंभराच्या घरात जाते. म्हणजे शंभर लिटर घनफळाची फळी त्याला जेमतेम पाण्याच्या पातळीवर ठेवील. जरा हालचाल होताच ती खाली जाईल. म्हणून अशा माणसाने १८० ते २२० लिटरांच्या दरम्यानची फळी घ्यावी. पुष्कळ फळ्यांवर हा आकडा छापलेलाच असतो.

पण नुसत्या घनफळाने भागत नाही. रुंदीही पाहावी लागते. हे समजण्यासाठी ऑलिंपिकमध्ये वापरल्या गेलेल्या फळ्यांचीच उदाहरणे घेऊ. १९९६ ते २००४ या काळातील मिस्ट्रल वन डिझाइन ही फळी पावणेचार मीटरांच्या आसपास लांब असून तिची रुंदी जेमतेम ६३ सेंटिमीटर आहे. ती माणसाला सहज तरंगवते. पण नवशिका तिच्यावर उभा राहिला की ती कुशीवर डोलू लागते. २००८ ते २०२० च्या स्पर्धांतील आरएस:एक्स ही फळी पावणेतीन मीटरांहून थोडी अधिक लांब आणि ९३ सेंटिमीटर रुंद आहे. ती स्थिर आहे, परंतु पुरुषांच्या स्पर्धेत तिच्यावर साडेनऊ चौरस मीटरांचे शीड चढवीत. ते उतारवयातील नवशिक्याने उचलण्याच्या भरीस पडू नये. २०२४ साली आलेली फळी तर पाण्याखालील पंखाच्या जोरावर पाण्याबाहेर उचलली जाते; तिचा विचारच नको. याउलट टेक्नो २९३ ही किशोरवयीन मुलांच्या स्पर्धांत रूढ झालेली फळी पाहा. तिचे घनफळ २०५ लिटर, रुंदी ७९ सेंटिमीटर आणि मधोमध खालीवर होणारे पाते. मुलांसाठी म्हणून तिला कमी लेखू नये. रुंदी ऐंशीच्या आसपास असावी आणि फळीला मधले पाते असावे, या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत.

या मधल्या पात्याचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच. वारा फळीला पुढे नेतो तसा आडवाही ढकलतो. पाते पाण्यात उतरलेले असले म्हणजे हे आडवे घसरणे पुष्कळ कमी होते, फळी डोलत नाही आणि वाऱ्याच्या उगमाकडे तिरकस वाटेने परत येता येते. पाते नसलेल्या फळीवर नवशिका वाऱ्याबरोबर वाहत दूर जातो आणि मग फळी ओढत किनाऱ्याने चालत येतो. किनारा जवळ असेल तर एवढ्यावर निभावते, इतकेच.

शीडही सुरुवातीला लहान असावे; साडेचार ते साडेपाच चौरस मीटरांचे पुष्कळ झाले. पाण्यात पडलेले शीड दोरीने ओढून उभे करताना त्यात भरलेल्या पाण्याचा भार प्रथम कंबरेवर येतो. तरुण माणूस दिवसात पन्नास वेळा पडून पन्नास वेळा शीड उचलील; साठीच्या माणसाची पाठ दहाव्या वेळी बोलू लागते. पाठ सरळ ठेवून, गुडघे वाकवून, अंगाच्या भारानेच ते ओढावे. जुन्या शिडाबरोबर त्याच मापाची डोलकाठी आहे ना, हेही पाहावे. शिडाची उंची आणि बूमची, म्हणजे हातात धरायच्या दांडीची, लांबी बहुधा शिडावरच छापलेली असते. सामान वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवले तर डोलकाठी शिडात बसत नाही आणि स्वस्ताई महागात पडते.

आता प्रत्यक्ष पारख. “पाण्यात म्हैस, बाहेर मोल” ही म्हण आपण व्यवहारात नेहमी वापरतो. येथे ती उलट बाजूने लागू पडते. फळी पाण्याबाहेर असते आणि तिचे दोष पाण्यात कळतात. तेव्हा घाई करू नये. डोलकाठी बसते त्या खाचेभोवती आणि पाय टेकतात त्या जागी अंगठ्याने जोर देऊन दाबून पाहावे. पृष्ठभाग दबत असेल तर वरचा थर आतल्या फेसापासून सुटला आहे, असे समजावे. मग बोटाच्या पेराने सर्वत्र ठोकावे. एका जागी टणक आवाज येऊन दुसऱ्या जागी बद्द आवाज आला की तेथे संशय घ्यावा. फळीचे टोक नीट पाहावे, कारण पडणारी डोलकाठी नेहमी तेथेच आदळते. शक्य असल्यास फळी वजनकाट्यावर ठेवावी. मूळ वजनाहून ती दोन-तीन किलोंनी जड भरली तर बहुधा आत पाणी शिरले आहे, आणि ते काढणे फार जिकिरीचे असते. मधले पाते सहज खालीवर होते की नाही, शेपटाकडील पाते ज्या खोबणीत बसते तिला तडा आहे काय, हेही तपासावे. डोलकाठीचा सांधा रबरी असेल तर तो वाकवून भेगा पाहाव्यात. भेग दिसली तर दुसरा सांधा घ्यावा. किनाऱ्यापासून दूर तो तुटला तर शीड एकीकडे आणि फळी दुसरीकडे जाते. शिडाचा पारदर्शक भाग उन्हाने पिवळट व ठिसूळ झाला असेल तर तो फार दिवस टिकणार नाही. वरवरचे ओरखडे, उडालेला रंग, कोरडी व घट्ट झालेली जुनी दुरुस्ती यांनी मात्र भिण्याचे कारण नाही. त्यांचा उपयोग किंमत कमी करून घेण्यापुरता करावा.

एक गोष्ट फळीशी निगडित नसूनही सांगितलीच पाहिजे. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येणारे ते खारे. रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे ते मतलई. पहाटेचे शांत पाणी नवशिक्याला मोह घालते, पण त्या वेळचा मतलई वारा त्याला अलगद समुद्रात नेऊ शकतो. उत्तम फळीदेखील येथे कामास येत नाही. लाइफ जॅकेट घालून, किनाऱ्यावर कोणीतरी लक्ष ठेवून असताना, किनाऱ्याकडे तिरकस येणाऱ्या वाऱ्यातच शिकावे. आणि काहीही झाले तरी फळी सोडून पोहत सुटू नये. ती तरंगते आणि दुरून दिसते.

तरुणाने चुकीची फळी घेतली तर त्याचे पैसे आणि एक हंगाम वाया जातो. पुढचा हंगाम त्याच्यापुढे असतोच. उतारवयातील माणसाचे तसे नसते. चार दिवस तो पडत-धडपडत राहिला तर “हे आपले काम नव्हे, आपले वय झाले,” असा निष्कर्ष काढतो आणि पुन्हा पाण्याकडे फिरकत नाही. वास्तविक दोष वयाचा नसतो, शंभर लिटरांच्या फळीचा असतो. म्हणून पहिली फळी मोठी, रुंद, थोडी जुनाट, चारचौघांत मिरवता न येणारी अशीच असावी. तिच्यावर उभे राहून, शीड हाती धरून, शंभर हात जाऊन माणूस आपल्या मनाने परत आला की तिने आपले काम केले. पुढे हौस वाढली तर तो दुसरी फळी घेईल आणि ही एखाद्या समवयस्क नवशिक्याला देऊन टाकील.