बारामतीहून इंदापूर, आकाशातून

बारामतीहून इंदापूरला विमानाने किती वेळ लागेल? बारामतीला धावपट्टी आहे, तिथे वैमानिकांचं प्रशिक्षणही चालतं. पण इंदापूरला विमान उतरवायला विमानतळ नाही. तरी हे गणित एकदा हाताने करून पाहावं. गुगलवर दिसणारा अंतराचा आकडा कसा येतो, ते त्यातून कळतं.

सुरुवात अक्षांश-रेखांशांपासून. बारामती साधारण १८.१५ अंश उत्तर, ७४.५८ अंश पूर्व. इंदापूर १८.११ उत्तर, ७५.०३ पूर्व. म्हणजे इंदापूर जवळजवळ सरळ उगवतीला. अक्षांशाचा एक अंश कुठेही मोजा, १११ किलोमीटरच्या आसपासच भरतो. रेखांशाचं तसं नाही. त्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ सरकतात, म्हणून आपल्या भागात एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचा. दोन गावांत फरक ०.४५ अंशाचा, म्हणजे पूर्वेकडे साधारण ४८ किलोमीटर. दक्षिणेकडचे चारेक किलोमीटर आहेत खरे, पण काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की त्यांनी फारसा फरक पडत नाही. याच ०.४५ अंशामुळे इंदापूरकरांना सूर्य बारामतीकरांपेक्षा पावणेदोन मिनिटं आधी दिसतो.

रस्त्याने काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी करत गेलं तर अंतर पन्नासच्या थोडं वर जातं. वाटेत घाट नाही, मुलूख सपाट, म्हणून फरक इतका कमी. पुणे–महाबळेश्वरचं हवाई अंतर सत्तरेक किलोमीटर, रस्ता मात्र १२० किलोमीटरचा. डोंगर आडवा आला की असं होतं.

आता वेळ. मोठ्या प्रवासी विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर ४८ किलोमीटरला साडेतीन मिनिटं पुरतात. हे उत्तर भागाकार म्हणून बरोबर, प्रवास म्हणून खोटं. असं विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं. दहा किलोमीटर उंचीवरून जमिनीला टेकायला त्याला १९० किलोमीटर लागतात, म्हणजे बारामती–इंदापूरच्या चौपट. ते पुरतं वर चढायच्या आतच इंदापूर मागे पडेल.

प्रशिक्षणाचं छोटं विमान घेतलं तर हिशेब खरा वाटू लागतो. ताशी २०० च्या वेगाने सुमारे साडेचौदा मिनिटं. पण वारा? पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा पाठीशी असला तर जाताना बारा मिनिटं, येताना तोच अंगावर घेत अठरा. जाऊन-येऊन तीस मिनिटं झाली. वारा नसता तर एकोणतीसही लागली नसती. वारा जाताना जेवढं देतो, त्याहून जास्त येताना काढून घेतो, कारण उलट्या वाऱ्यात विमानाला जास्त वेळ राहावं लागतं. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं हे वेगळंच.

तेव्हा पडद्यावर ‘हवाई वेळ’ दिसला की आधी एवढंच पाहा, वेग कोणता धरलाय. मोटारीने हा प्रवास तासाभराचा. आणि तुकोबांची पालखी याच वाटेने सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी असे मुक्काम करत चौथ्या दिवशी इंदापुरात पोचते.