पर्वतारोहणात सावकाशीचे महत्त्व
सोलापूरलगतच्या कुंभारीचा माळ समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरही उंच नाही. अशाच सखल मुलखातले, सोलापूरचे आनंद बनसोडे २०१२ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्या शिखराचा नेपाळकडील पायथ्याचा तळच ५,३६४ मीटरवर असून तेथे हवेचा दाब जवळजवळ निम्मा असतो. शरीर त्यास रुळावे म्हणून वाटाडे पदयात्रींना वाटेत नामचे बाजार (३,४४० मीटर) येथे एक दिवस अधिक थांबवितात. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. डोकेदुखी, मळमळ जाणवताच वाटाड्यास सांगावे. धट्टेकट्टे तरुण नेमके तेच लपवितात. चालताना तोल जाऊ लागल्यास अथवा बसल्या जागी धाप लागल्यास, रात्र असली तरी, रुग्णास तत्काळ खाली उतरविणे हाच खरा उपाय होय.